दत्तात्रय गोपाळ कर्वे
दत्तात्रय गोपाळ कर्वे (१८९८ - १९६७) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, वाणिज्य शिक्षणतज्ज्ञ आणि सहकाराचे अभ्यासक होते. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू व रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर झाले. समाजसुधारक धोंडो केशव कर्वे हे वेगळे.

अध्यापन व लेखन
कर्वे यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांतून अर्थशास्त्राचे अध्यापन केले. भारतातील दारिद्र्य व लोकसंख्या यांच्या संबंधावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३६ साली, तर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे इंग्रजी चरित्र १९४२ साली प्रसिद्ध झाले.

मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३ पासून वाणिज्याचे शिक्षण देत होते. पुण्यात सोसायटीने १९४३ साली बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय स्थापन केले व त्याची उभारणी कर्वे यांच्याकडे सोपविली.

कर्वे समिती
केंद्र शासनाने १९५२ साली सामूहिक विकास योजनांच्या मूल्यमापनासाठी स्थापन केलेल्या कार्यक्रम मूल्यमापन संघटनेचे ते पहिले संचालक होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पूर्वतयारीसाठी १९५५ साली नेमलेल्या ग्राम व लघुउद्योग समितीचे ते अध्यक्ष होते. ही समिती 'कर्वे समिती' म्हणून ओळखली जाते. अवजड उद्योगांत मोठी गुंतवणूक होत असताना रोजगार कसा वाढवावा, हा तिच्यापुढील मुख्य प्रश्न होता. नित्य वापराच्या वस्तूंचे उत्पादन शक्यतो विकेंद्रित उद्योगांकडे ठेवावे, कारागिरांचे तंत्र टप्प्याटप्प्याने सुधारावे आणि त्यांना सहकारी संस्थांद्वारे संघटित करावे, असे समितीने सुचविले. कापड गिरण्यांच्या उत्पादनावर मर्यादा घालण्याच्या शिफारशीवर मात्र टीका झाली. रोजगाराच्या रक्षणासाठी उत्पादकतेचा बळी जातो, असा टीकाकारांचा आक्षेप होता. दुसऱ्या योजनेत ग्राम व लघुउद्योगांसाठी २०० कोटी रुपयांची तरतूद झाली.

कुलगुरू व उपगव्हर्नर
रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यानंतर १९५९ साली कर्वे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६१ साली दत्तो वामन पोतदार त्यांच्या जागी आले. १९६२ ते १९६४ या काळात कर्वे रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर होते. याच काळात, १९६३ साली, शेतीला दीर्घ मुदतीचा पतपुरवठा व्हावा म्हणून कृषी पुनर्वित्त महामंडळ स्थापन झाले.

सहकाराची तत्त्वे
आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९६४ साली सहकाराच्या तत्त्वांच्या फेरविचारासाठी आयोग नेमला व त्याचे अध्यक्षपद कर्वे यांना दिले. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिका व सोव्हिएत संघ या दोन्ही देशांचे सदस्य आयोगात होते. खुले सभासदत्व, लोकशाही नियंत्रण, भांडवलावर मर्यादित व्याज, वाढाव्याचे न्याय्य वाटप, सहकार शिक्षण आणि सहकारी संस्थांमधील परस्पर सहकार्य ही सहा तत्त्वे आयोगाने मांडली. रोखीचा व्यवहार हे १९३७ च्या यादीतील तत्त्व वगळण्यात आले. राजकीय व धार्मिक तटस्थता स्वतंत्र तत्त्व म्हणून उरली नाही. सभासदत्व देताना असा भेदभाव नसावा, या अटीत तिचा आशय आला. परस्पर सहकार्याचे तत्त्व नव्याने जोडले गेले. १९६६ साली व्हिएन्ना येथील अधिवेशनाने ही तत्त्वे स्वीकारली व १९९५ पर्यंत ती जगभरच्या सहकारी चळवळीला मार्गदर्शक राहिली.

कर्वे यांचे निधन १९६७ साली झाले.