रेष ओढणारा पंच : बिल क्लेम

भाताची कापणी झाली की आमच्या तलासरी-डहाणूच्या पाड्यांतून शेतांचीच मैदाने होतात. टेनिसचा चेंडू, बांबूचे स्टम्प, आणि कॉलेजात शिकतो म्हणून पंच मी! मागच्या हिवाळ्यात मी माझ्याच चुलतभावाला धावबाद दिले. दादा आमच्या पाड्याचा कॅप्टन. बॅट टाकून तो अंगावर आला, मीही ओरडलो आणि अर्धा तास खेळ थांबला. दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. निर्णय बरोबर होता. मग चुकले कुठे? याचे उत्तर मला बेसबॉलच्या एका थोर पंचाच्या चरित्रात सापडले.

बिल क्लेम यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८७४ रोजी अमेरिकेतील रॉचेस्टर येथे झाला. खेळाडू होण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. पुलांच्या बांधकामावरही त्यांनी काम केले. १९०२ साली ते पंच झाले आणि १९०५ मध्ये नॅशनल लीग या मोठ्या स्पर्धेत आले.

पंचाचे काम तेव्हा जिवावरचे होते. बेसबॉलमध्ये फलंदाजाने सोडलेला प्रत्येक चेंडू योग्य की अयोग्य, हे पंचाने तत्क्षणी सांगायचे असते. निर्णय पटला नाही की संघाचा मॅनेजर, म्हणजे आपल्याकडचा प्रशिक्षक, थेट मैदानात येऊन हुज्जत घाली. प्रेक्षक बाटल्या भिरकावीत.

क्लेम यांनी यावर साधा उपाय काढला. ते मॅनेजरचे म्हणणे ऐकून घेत. मग बुटाच्या टोकाने मातीत एक रेष ओढत आणि पाठ फिरवून चालू लागत. रेषेच्या पलीकडून हवे ते बोला. रेष ओलांडली की सामन्याबाहेर! न्यूयॉर्क जायंट्सचे नामांकित मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांनी एकदा त्यांना नोकरी घालवण्याची धमकी दिली. जी नोकरी अशी जाऊ शकते ती तुम्हीच घ्या, अशा अर्थाचे उत्तर क्लेम यांनी दिले, असे सांगतात.

१९०८ साली न्यूयॉर्क व शिकागो यांच्यातील निर्णायक सामन्याआधी क्लेम आणि त्यांचे सहकारी जॉनस्टन यांना लाच देऊ करण्यात आली. दोघांनी ती धुडकावून वरिष्ठांना कळवले.

क्लेम काही देवमाणूस नव्हते. आपल्याकडच्या शिंगाळ्याच्या जातीतल्या एका माशाचे नाव घेऊन कुणी चिडवले की ते चवताळत आणि त्याला मैदानाबाहेर काढीत. आपला निर्णय कधी चुकत नाही, असा त्यांचा ताठा होता. पण त्या ताठ्याच्या मुळाशी प्रामाणिकपणा होता. १९४१ मध्ये त्यांनी एका खेळाडूबाबत निर्णय दिला, वाद झाला, ते नेहमीप्रमाणे वळले. चालता चालता त्यांच्या लक्षात आले की आज आपल्याला खात्री नव्हती, नुसते वाटले होते. एवढ्यावरून त्यांनी मैदानातले काम सोडले! तोवर त्यांनी १८ जागतिक मालिकांत पंचगिरी केली होती. पुढे ते लीगच्या पंचांचे प्रमुख झाले. १६ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. १९५३ मध्ये बेसबॉलच्या सन्मान दालनात त्यांना स्थान मिळाले.

आता अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धांत २०१४ पासून मॅनेजर वादग्रस्त निर्णय चित्रफितीवर तपासून मागू शकतो. आमच्या शेतात कॅमेरा नाही. तिथे माणसाचा शब्दच चालतो, आणि ओरडल्याने तो शब्द हलका होतो, हे मला उशिरा कळले. मित्रहो, मी दादाला धावबाद दिले ते योग्यच होते. पण त्याचे ऐकून न घेता मी ओरडलो, तेव्हा रेष त्याच्या आधी मीच ओलांडली होती. हे मी त्याच्या ओट्यावर बसून कबूल केले. तो हसला नाही. पण यंदाच्या पहिल्या सामन्याला पंच म्हणून त्यानेच माझे नाव सांगितले.

(द्वितीय वर्ष, बी. ए.)