जगदीशचंद्र बोस आणि तळ्यातले बुडबुडे

जगदीशचंद्र बोस हे नाव निघालं की बिनतारी लहरी आठवतात, नाहीतर ‘झाडांना जीव असतो हे त्यांनी शोधलं’ असं शाळेत ऐकलेलं वाक्य. झाडांना जीव असतो हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं! त्यांचं एक खरोखरच मोठं काम मात्र मागे पडलं. पाण्यात बुडालेली वनस्पती आपला कार्बन डायऑक्साइड मिळवते कशी, यावरचं ते काम.

बोसांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, मैमनसिंहचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी, तरी मुलाला त्यांनी इंग्रजी शाळेऐवजी बंगाली शाळेत घातलं. तिथे कोळ्यांच्या मुलांशेजारी बसून त्यांनी पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी ऐकल्या. भरवेलीत हिंदीत शिकून घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगावं. पुढे केंब्रिज आणि १८८५ पासून कोलकात्याचं प्रेसिडेन्सी कॉलेज. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला, म्हणून तीन वर्षं त्यांनी पगारच घेतला नाही. शिकवणं मात्र थांबवलं नाही, आणि शेवटी सगळी थकबाकी वसूल झाली. १९१७ मध्ये त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभारली. तळ्यातल्या वनस्पतीवरचं काम तिथलंच.

जमिनीवरच्या झाडाचं सोपं असतं. पानावरची बारीक रंध्रं उघडतात आणि हवा आत जाते. त्या हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम चार भाग, पण तेवढ्यावर भागतं. पाण्याखालच्या पानाला अशी रंध्रं नसतात. पाण्यात विरघळलेला वायू पानाच्या पातळ कातडीतून झिरपतो, आणि पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की विरघळलेला वायू आणखी कमी होतो. त्यात झाडोरा दाट असेल, तर दुपारपर्यंत उरलंसुरलंही संपतं.

बोसांनी हायड्रिला ही साधी पाणवनस्पती घेतली. आपल्याकडच्या तळ्यांतही ती पाण्याखाली हिरवं जाळं करते. उजेडात तिच्यातून प्राणवायूचे बुडबुडे निघतात. लोक ते डोळ्यांनी मोजत. बोसांनी यंत्र केलं : नळीच्या तोंडाशी पाऱ्याचा थेंब, वायूचा दाब वाढला की थेंब उचलला जायचा, बुडबुडा सुटायचा, विजेचं मंडल जुळायचं आणि घंटी वाजायची किंवा कागदावर खूण उमटायची. (तो प्राणवायू येतो पाण्यातून. पाणी फोडायचं काम पानातले मँगनीजचे चार अणू करतात. आपल्या खाणीतलंच हे मँगनीज! बोसांच्या काळी ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.)

या नोंदींत त्यांना विचित्र गोष्ट दिसली. उन्हाळ्यातल्या हायड्रिलाचा रस आंबट निघायचा, आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड नसतानाही तिचे बुडबुडे चालूच राहायचे. कच्च्या सफरचंदाला आंबट करणारं मॅलिक आम्ल तिच्यात असतं आणि तिला लागणारा कार्बन डायऑक्साइड ती त्यातूनच काढते, असं त्यांनी मांडलं. १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावरच्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं छापून आलं.

फारसं कुणी लक्ष दिलं नाही. वनस्पतींच्या संवेदनांबद्दल बोसांनी केलेली काही विधानं पुराव्यापुढे धावणारी होती. माझ्या मते त्यांच्यामुळे हे नेमकं, मोजून केलेलं कामही संशयात सापडलं.

२३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला ते वारले. १९६० च्या दशकात ऊस आणि मका कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या आम्लात बांधून ठेवतात हे कळलं. आपली ज्वारीही त्याच जातकुळीतली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी हायड्रिला तपासली. पाणी तापलं आणि कार्बन डायऑक्साइड घटला की तीही तसंच आम्ल करू लागते, आणि तेही उसासारख्या दोन प्रकारच्या पेशी न वापरता, एकाच पेशीत.