वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

आमच्या या डोंगरी धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त ज्या संतांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, ते आपणांस परके नव्हेत. तळेघरचे डोंगर मागें टाकून कोंकणांत उतरलें कीं जो समुद्र लागतो, त्याच समुद्राच्या कांठीं, वसईस, १५५७ च्या सुमारास संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता वसईची.

येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ त्यांचें शिक्षण झालें आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्यांच्यासमवेत जपानांत गेले. तेथें सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें व जपानी भाषा आत्मसात केली. येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी आशा. परंतु ती सफळ झाली नाहीं. मग ते व्यापारांत शिरले. तेथें यश आलें, पण मन रमलें नाहीं. अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस ब्रदर म्हणून स्वीकारिलें. धर्मगुरु ते कधींच झाले नाहींत.

१५९३ सालीं फादर पेद्रो बाप्टिस्टा जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांजकडे गेले, तेव्हां दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो बरोबर होते. कियोटो येथें देवालय व महारोग्यांसाठीं रुग्णालय उभें राहिलें. परंतु १५९६ सालीं सान फेलिपे नामक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें, त्यावरून संशय वाढला आणि धरपकड झाली. डाव्या कानाचे तुकडे कापून कैद्यांची धिंड काढिली गेली. भर हिंवाळ्यांत त्यांस नागासाकीस नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर सव्वीस जणांस क्रुसांवर बांधून भाल्यांनीं विंधिलें.

१६२७ सालीं पोप आठवे उर्बन यांनीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें. त्याच सुमारास लॉरेन प्रांतांतील नान्सी गांवचे प्रख्यात चित्रकार झाक कालो यांनीं या प्रसंगाचें चित्र काढिलें. तांब्याच्या पत्र्यावर रोगण चढवावें, त्यावर सुईनें रेखाटावें, मग तेजाबानें उघड्या रेघा कोराव्या आणि शाई भरून कागदावर छाप घ्यावा, अशी ही कला. वितीहून लहान कागदावर क्रुसांची रांग उभी आहे. आकृति इतक्या बारीक, कीं आमचे वसईकर त्यांत कोणते हें सांगतां येत नाहीं.

वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. टेकडीवर सव्वीस क्रूस होते. चित्रांत तेवीसच आहेत. फ्रान्सिस्कन संघाचे व त्यांच्या सोबतचे तेवढेच दाखविले असून संत पॉल मिकी यांच्यासह येशूसंघाचे तिघे त्यांत नाहींत. कागदावर संघ वेगळे राहिले. परंतु ज्या संघाचें दार गोन्सालोंस उघडलें नाहीं, त्याच संघाच्या बंधूंसमवेत एकाच टेकडीवर त्यांनीं प्राण अर्पिला. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं सव्विसांनाही एकत्र संतपद दिलें, आणि गोन्सालो हे भारतभूमींत जन्मलेले पहिले संत ठरले.

ज्युबिलीच्या पुस्तकांत धर्मगुरूंचीं नांवें येतात, देणगीदारांचीं येतात. परंतु पावसांतून वाड्यावस्त्यांवर जाऊन प्रार्थना शिकविणारे, परक्या धर्मगुरूंचे शब्द आपल्या बोलींत लोकांस सांगणारे धर्मशिक्षक पुष्कळदां त्यांत येत नाहींत. संत गोन्सालो हे त्यांच्यांतलेच होते. ६ फेब्रुवारीस त्यांचा सण येतो. त्या दिवशीं मिस्सेच्या वेळीं प्रत्येक कुटुंबानें आपणांस प्रथम क्रुसाची खूण शिकविणाऱ्या व्यक्तीचें नांव घेऊन प्रार्थना करावी, अशी आमची विनंति आहे.