सॅम्युएल मोर्स

तारवाला दारात दिसला की पूर्वी घरातल्या सर्वांच्या छातीत धस्स होई. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते सांगतील. भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. तारेच्या लिपीला ज्यांचे नाव मिळाले, त्या सॅम्युएल मोर्स यांची हकीकत आज आपण वाचू या.

मोर्स यांचा जन्म २७ एप्रिल १७९१ रोजी अमेरिकेतील चार्ल्सटाउन येथे झाला. तुम्हांला नवल वाटेल, पण ते शास्त्रज्ञ नव्हते, चित्रकार होते! १८२५ साली एका मोठ्या माणसाचे चित्र काढण्यासाठी ते वॉशिंग्टनला गेले. पत्नी ल्युक्रेशिया दूर न्यू हेवन येथे होत्या. एके दिवशी वडिलांचे पत्र आले. पत्नी अचानक वारल्या होत्या. मोर्स तडक निघाले. पण त्या काळी आगगाडी नव्हती. ते घरी पोहोचले तेव्हा दफनही होऊन गेले होते.

पुढे १८३२ साली युरोपातून जहाजाने परत येताना एका प्रवाशाकडून त्यांनी विजेच्या चुंबकाविषयी ऐकले. वीज तारेतून क्षणात धावते, मग तिच्याबरोबर बातमी का धाडू नये? या विचाराने त्यांना पछाडले. बारा वर्षे त्यांनी खटपट केली. जोसेफ हेन्री यांचे ज्ञान आणि आल्फ्रेड व्हेल या तरुणाची कारागिरी त्यांच्या कामी आली. हे यश एकट्या मोर्स यांचे नव्हे, हे विसरू नका. अखेर २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार गेली.

त्यांच्या लिपीत फक्त टिंब आणि रेघ. इंग्रजीत वारंवार येणाऱ्या 'ई' या अक्षराला एकच टिंब! यंत्र या खुणा कागदाच्या पट्टीवर उमटवी. पण तारमास्तर असे तरबेज झाले, की नुसता कडकट्ट आवाज ऐकून मजकूर लिहू लागले. पट्टीची गरजच उरली नाही.

२ एप्रिल १८७२ रोजी मोर्स वारले. बिनतारी संदेश त्यानंतर आले. आजही जगभर हौशी रेडिओवाले मोर्सच्या लिपीत बोलतात. आता काहींच्या घरी संगणक हे संदेश ऐकतो. तो प्रत्येक आवाजाची लांबी मोजतो. आखूड आवाज म्हणजे टिंब, त्याच्या तिप्पट लांब म्हणजे रेघ. मग अक्षरे पडद्यावर उमटतात. जणू मोर्स यांची पट्टीच परत आली! पण कळ दाबणाऱ्या हाताची चाल सारखी नसली, किंवा आकाशात विजा कडाडून खरखर वाढली, की संगणक गोंधळतो आणि भलतीच अक्षरे दाखवतो. अशा वेळी जुना रेडिओवाला पडद्याकडे पाहत नाही. तो डोळे मिटून ऐकतो आणि पेन्सिल उचलतो.