वेदर ॲपमधला फोरकास्ट आला कुठून? गोष्ट रॉबर्ट फिट्झरॉयची

फोनमधलं कुठलंही वेदर ॲप उघडा. वर आत्ताचं तापमान, खाली पुढच्या सात-दहा दिवसांचा फोरकास्ट. हवामानासाठी हा शब्द रूढ केला तो रॉबर्ट फिट्झरॉय नावाच्या एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने, १८६१ च्या सुमारास. भाकीत, भविष्यवाणी अशा अर्थाचे शब्द त्याला नको होते. आलेली निरीक्षणं एकत्र करून, हिशोब करून बनवलेलं मत, इतकाच त्याचा दावा होता. लोकांनी मात्र ते भविष्य म्हणूनच वाचलं.

फिट्झरॉय आपल्याला भेटतो तो बहुतेक वेळा डार्विनच्या गोष्टीत, बीगल जहाजाचा कप्तान म्हणून. खरं तर त्याची स्वतःची गोष्ट त्याआधीच सुरू होते. जन्म १८०५ चा, घराणं सरदारांचं. बाराव्या वर्षी नौदलाच्या कॉलेजात. १८२८ मध्ये बीगलच्या आधीच्या कप्तानाने दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या एकाकी, थंड किनाऱ्यावर आत्महत्या केली आणि अवघ्या २३ व्या वर्षी जहाज फिट्झरॉयच्या हाती आलं. थोड्याच आठवड्यांत, जानेवारी १८२९ मध्ये, प्लाता नदीच्या मुखाशी एका वादळाने जहाजाला गाठलं. बॅरोमीटर आधीच खाली गेला होता, आकाशही काहीतरी सांगत होतं. शिडं वेळेत उतरली नाहीत. त्याचे दोन खलाशी बुडाले. पुढे आयुष्यभर तो बॅरोमीटरच्या मागे का लागला, हे समजायला मला तरी ही एक घटना पुरेशी वाटते.

बीगलच्या दुसऱ्या सफरीचं (१८३१ ते १८३६) फार सांगत नाही, ती सगळ्यांना माहीत आहे. एवढंच, की पाच वर्षं एकटेपणा नको म्हणून त्याने सोबतीला एक शिकलेला तरुण मागितला आणि २२ वर्षांचा चार्ल्स डार्विन जहाजावर आला. वेळ अचूक मोजायला जहाजावर २२ क्रोनोमीटर होते. नकाशे इतके नेटके बनवले की पुढे कित्येक वर्षं ते वापरात राहिले. स्वतःच्या पैशाने एक जादा जहाजही त्याने घेतलं होतं, पण वरिष्ठांनी ते विकायला लावलं. मध्ये खासदारकी झाली, न्यूझीलंडचं गव्हर्नरपद झालं, तिथून परत बोलावणंही झालं.

आता मुद्द्याचं. १८५४ मध्ये ब्रिटनच्या व्यापार खात्याने हवामानाची आकडेवारी गोळा करायला एक छोटं ऑफिस उघडलं आणि ते त्याच्याकडे दिलं. काम काय? जहाजांना उपकरणं द्यायची, त्यांच्या नोंदी परत घ्यायच्या, तक्ते बनवायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा एंट्री. अंदाज देणं हे त्या कामात कुठेच नव्हतं.

मग २५-२६ ऑक्टोबर १८५९ ची रात्र आली. मेलबर्नहून सोनं आणि प्रवासी घेऊन निघालेलं रॉयल चार्टर हे जहाज लिव्हरपूलच्या जवळ आलं होतं. वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या खडकांवर आपटून ते फुटलं. सुमारे ४५० माणसं गेली. त्याच वादळात किनाऱ्यावर आणखीही बरीच जहाजं बुडाली.

फिट्झरॉयने नंतर ठिकठिकाणच्या नोंदी जमवल्या आणि एकाच वेळी कुठे किती दाब, कुठून वारा, हे नकाशांवर मांडलं. वादळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेलेलं त्यात सरळ दिसत होतं. म्हणजे दक्षिणेच्या बंदरात ते पोहोचलं तेव्हा उत्तरेच्या बंदराकडे अजून काही तास होते. आणि तोपर्यंत ब्रिटनभर तारायंत्राचं जाळं पसरलं होतं. वादळाला काही तास लागतात, तार काही मिनिटांत जाते. बस, एवढीच आयडिया. मला ती आजच्या कित्येक स्टार्टअपच्या आयडियांपेक्षा भारी वाटते, कारण यात नवीन यंत्र एकही नाही. बॅरोमीटर होता, तार होती, दोघांची गाठ कुणी घातली नव्हती.

किनाऱ्यावरची केंद्रं रोज सकाळी दाब, तापमान आणि वारा लंडनला तारेने कळवू लागली. फेब्रुवारी १८६१ पासून वादळाचे इशारे सुरू झाले. इशारा मिळाला की बंदरातल्या खांबावर कॅनव्हासचा मोठा शंकू चढायचा. टोक वर असेल तर वारा उत्तरेचा, टोक खाली असेल तर दक्षिणेचा, सोबत ढोलासारखा आकार असेल तर वादळ जोरदार. रात्री दिवे. वाचता न येणाऱ्या मच्छीमारालाही लांबून समजेल असं नोटिफिकेशन! १ ऑगस्ट १८६१ ला द टाइम्स या वर्तमानपत्रात सामान्य लोकांसाठी पहिला रोजचा अंदाज छापून आला.

आणि तिथून त्रास सुरू झाला.

अंदाज चुकायचेच. मोजकी केंद्रं, अटलांटिकवरून काय येतंय ते दिसायला उपग्रह नाही, गणित करायला कॉम्प्युटर नाही. चुकलेला अंदाज दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसायचा. बरोबर आलेल्या इशाऱ्यामुळे जी होडी निघालीच नाही, ती मात्र कुणाच्या हिशोबात यायची नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, सर्व्हरच्या अलर्टचं अगदी हेच असतं. उंबरा खाली ठेवला तर खोटे अलर्ट वाढतात आणि लोक वैतागतात. वर ठेवला तर खरा धोका निसटतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. फक्त इथे पणाला सर्व्हर नव्हता, माणसं होती. फिट्झरॉयने उंबरा खाली ठेवला. माझ्या मते बरोबरच केलं.

बोटींच्या मालकांना ते पटेना, कारण शंकू चढला की बोटी बंदरात आणि दिवसाची कमाई बुडाली. वर्तमानपत्रं एकीकडे अंदाज छापायची, दुसरीकडे टोमणे मारायची. वैज्ञानिकांचा आक्षेप वेगळा होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता: यामागचा सिद्धांत पक्का नाही, मग सरकारी शिक्का कशाला? संसदेत खर्चावर प्रश्न निघाले. दरम्यान त्याची स्वतःची संपत्ती आधीच संपली होती, कान अधू झाले होते, तब्येत ढासळली होती. नैराश्याची भीती त्याला तरुणपणापासून होती, त्याच्या मामानेही आत्महत्याच केली होती. ३० एप्रिल १८६५ ला, वयाच्या ५९ व्या वर्षी, फिट्झरॉयने आपलं आयुष्य संपवलं. कर्ज फेडायला मित्रांनी वर्गणी काढली.

चौकशी समिती बसली. तिच्यावर डार्विनचा नातेवाईक फ्रान्सिस गाल्टन होता. समितीचा शेरा प्रतिकूल आला. रोजचे अंदाज बंद झाले, आणि डिसेंबर १८६६ मध्ये वादळाचे इशारेही. पण शंकू दिसेनासे झाल्यावर बंदरांतून तक्रारी येऊ लागल्या आणि पुढच्याच वर्षी इशारे परत सुरू करावे लागले. लोकांसाठीचे रोजचे अंदाज परत यायला १८७९ उजाडलं.

आज तुमच्या ॲपमध्ये पावसाची शक्यता ७० टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे अशा दहा दिवसांपैकी साधारण सात दिवस पाऊस पडेल, तीन दिवस नाही. त्या तीनपैकी एखाद्या दिवशी आपण हवामान खात्यावर मीम बनवतो. फिट्झरॉयकडे हे टक्केही नव्हते. त्याला वारा आणि हवा एका ओळीत सांगावी लागायची, आणि ती ओळ एक तर बरोबर ठरायची नाही तर चूक.

आपल्याकडेही सुरुवात वादळानेच झाली. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ बसलं, पाठोपाठ पावसाने दगा दिला, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. कोकणात वादळाची बातमी आली की बंदरात तीन नंबरचा बावटा लावला असं पेपरात येतं ना, ती पद्धत याच जातीची: दिवसा खांबावर आकार, रात्री दिवे.

ब्रिटनच्या रेडिओवर समुद्राचा अंदाज आजही विभागवार वाचला जातो. २००२ मध्ये त्यातल्या फिनिस्टेरे या विभागाचं नाव बदलून फिट्झरॉय ठेवलं. त्या सगळ्या यादीत माणसाचं नाव असलेला तो एकच विभाग आहे.