'स्टेडी' एड हेड्रिक: उडत्या तबकडीला भरवशाचं बनवणारा माणूस

समुद्रकिनाऱ्यावर मित्राकडे फ्रिसबी फेकली की काय होतं, आठवा. सुरुवातीला ती छान सरळ जाते. मग वेग कमी होतो आणि ती डावीकडे वळून भलत्याच माणसाच्या पायाशी जाऊन पडते. तुम्ही उजव्या हातानं बॅकहँड फेकत असाल, तर हे जवळजवळ ठरलेलंच. आपण हसतो आणि पुन्हा फेकतो.

पण एका माणसानं आयुष्याची जवळपास चाळीस वर्षं याच प्रश्नाला दिली. फेकलेली तबकडी आपल्याला हवी तिथेच कशी पोचवायची? त्यांचं नाव एड हेड्रिक. मित्र त्यांना 'स्टेडी एड' म्हणायचे. आज डिस्क गोल्फच्या दुकानात 'ओव्हरस्टेबल डिस्टन्स ड्रायव्हर' नावाची डिस्क आणि तिच्यावर छापलेले चार आकडे दिसतात. ते आकडे समजून घ्यायचे असतील, तर हेड्रिक यांच्या गोष्टीपासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं.

खेळण्याच्या कंपनीतला माणूस

एड हेड्रिक यांचा जन्म २८ जून १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडीना इथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. १९६४ साली, म्हणजे वयाच्या चाळिशीत, ते व्हॅम-ओ या कंपनीत आले. हुला हूप विकून गाजलेली हीच ती कंपनी.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करूया. फ्रिसबीचा शोध हेड्रिक यांनी लावला नाही. ते श्रेय फ्रेड मॉरिसन यांचं. १९३०च्या दशकात ते पत्र्याचं झाकण आणि केकचा डबा फेकून खेळायचे. त्यातूनच पुढे १९५५ मध्ये त्यांची 'प्लूटो प्लॅटर' ही प्लॅस्टिकची तबकडी आली आणि १९५७ मध्ये तिचे हक्क व्हॅम-ओनं घेतले. फ्रिसबी हे नाव त्यानंतरचं.

हेड्रिक कंपनीत आले तेव्हा तबकडी विकली जात होती, पण खेळणं म्हणून. खेळण्याचं नशीब आपल्याला माहीत आहे. दोन उन्हाळे चालतं आणि मग माळ्यावर जातं. हुला हूपचंही तेच झालं होतं. हेड्रिक यांचं म्हणणं वेगळं होतं. ही वस्तू खेळणं म्हणून विकू नका, खेळाचं साहित्य म्हणून विका. पण त्यात एक अडचण होती. चेंडू दर वेळी वेगळाच उसळला, तर क्रिकेट खेळणार कसं? तसंच तबकडी दर वेळी वेगळी उडाली, तर तिच्यावर खेळ उभा राहणार नाही. आधी तिचं उड्डाण भरवशाचं व्हायला हवं होतं.

बारीक रेघांचं पेटंट

हेड्रिक यांनी तबकडीचा घाट बदलला आणि वरच्या बाजूला, खांद्याच्या भागावर, गोल गोल बारीक उंचवटे दिले. जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डवर असतात तशा रेघा. हवा पृष्ठभागावरून सरकताना या रेघांमुळे हवेचा चिकटून वाहणारा पातळ थर विस्कटतो आणि उड्डाण स्थिर व्हायला मदत होते. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे बघितले असतील, तर कल्पना लगेच लक्षात येईल. १९६७ च्या डिसेंबरमध्ये या डिझाइनला अमेरिकन पेटंट मिळालं. आजही खेळाडू त्या रेघांना 'हेड्रिक यांच्या रिंगा' म्हणतात. 'प्रोफेशनल मॉडेल' म्हणून विकल्या गेलेल्या या फ्रिसबीनं खेळण्याला खेळाच्या साहित्याचा दर्जा दिला. १९६७ मध्येच त्यांनी फ्रिसबी खेळणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही सुरू केली.

तबकडी शेवटी वळते का?

इथे थोडं विज्ञान बघूया, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

भोवरा आठवा. फिरणाऱ्या भोवऱ्याला बोटानं पुढे ढकललं, तर तो पुढे न कलता बाजूला कलतो. फिरणारी कुठलीही वस्तू धक्क्याला काटकोनात उत्तर देते. तबकडी म्हणजे हवेतला आडवा भोवराच.

उडताना हवा तबकडीला वर उचलते, पण तो जोर बरोबर मध्यावर लागत नाही. वेग भरपूर असतो तेव्हा तो मध्याच्या थोडा मागे लागतो, म्हणजे तबकडीचं नाक खाली दाबलं जातं. वेग उतरला की तबकडी खाली बसायला लागते, हवा तिला खालून जास्त तिरकी लागते आणि जोर मध्याच्या पुढे सरकतो. आता नाक वर उचललं जातं. तबकडी फिरत नसती, तर सरळ पुढे किंवा मागे कलंडली असती. पण फिरत असल्यामुळे ती बाजूला कलते. उजव्या हाताच्या बॅकहँडला सुरुवातीच्या वेगात उजवीकडे आणि शेवटी डावीकडे.

पहिल्या वळणाला टर्न म्हणतात, शेवटच्याला फेड. जी डिस्क सुरुवातीला उजवीकडे वळायला तयार नसते आणि शेवटी ठामपणे डावीकडे जाते, ती ओव्हरस्टेबल. हा शब्द लक्षात ठेवा, आपण परत येऊ.

खांब, वाद आणि साखळ्या

तबकडी भरवशाची झाली, आता खेळ हवा होता. झाडं, कचऱ्याचे डबे, विजेचे खांब यांना नेम धरून तबकडी फेकायची आणि गोल्फसारखे फटके मोजायचे, हा प्रकार अमेरिकेत ठिकठिकाणी आपापल्या परीनं चालू होता. १९७४ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे याची मोठी स्पर्धाही झाली आणि बक्षीस होतं चक्क एक डॅटसन गाडी. त्यामुळे डिस्क गोल्फ एकट्या हेड्रिक यांच्या डोक्यातून निघालं असं म्हणणं बरोबर नाही. त्यांनी केलं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त अवघड काम: त्यांनी खेळाला एक मापदंड दिला.

१९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ला कॅन्याडा फ्लिंटरिज इथल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी डिस्क गोल्फचा पहिला कायमस्वरूपी कोर्स उभा केला. सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. आणि लगेच भांडणं सुरू झाली. डिस्क खांबाला लागली की नाही? लांबून दिसणार कसं? फेकणारा म्हणतो लागली, बाकीचे म्हणतात नाही लागली. आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये चेंडू बॅटला लागला की नाही यावर जसा अर्धा तास जातो, अगदी तसं.

हेड्रिक आणि त्यांचा मुलगा केन यांनी यावर उपाय शोधला. खांबाभोवती साखळ्या लोंबत्या सोडायच्या आणि खाली एक टोपली लावायची. वेगात आलेली डिस्क साखळ्यांवर आदळते, साखळ्या हलून तिची ताकद शोषून घेतात आणि डिस्क टोपलीत पडते. पडली तर पडली, नाही तर नाही. पंच लागत नाही, वाद होत नाही. शिवाय साखळ्यांचा खणखणाट लांबून ऐकू येतो. १९७७ मध्ये याचंही पेटंट त्यांना मिळालं.

नोकरी सोडली

इथे हेड्रिक यांनी आयुष्यातला मोठा जुगार खेळला. पन्नाशी ओलांडली होती, नावाजलेल्या कंपनीत वरची जागा होती. ती सोडून त्यांनी मुलासोबत डिस्क गोल्फ असोसिएशन ही स्वतःची कंपनी सुरू केली. विकायचं काय, तर अशा खेळाच्या टोपल्या, जो खेळ बहुतेक लोकांनी ऐकलाही नव्हता. गिऱ्हाईक कोण, तर शहरांचे उद्यान विभाग. १९७६ मध्ये त्यांनी व्यावसायिक खेळाडूंची संघटना, पीडीजीए, स्थापन केली. तिचा सभासद क्रमांक १ त्यांचाच.

१९७९ मध्ये हंटिंग्टन बीच इथे ५०,००० डॉलर बक्षिसांची स्पर्धा झाली. आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पीडीजीएची सूत्रं खेळाडूंच्या हाती सोपवली. संघटना स्वतःच्या मुठीत ठेवली असती, तर नियमही त्यांचेच आणि टोपल्याही त्यांच्याच. पण मग तो एका कंपनीचा उपक्रम राहिला असता. खेळ व्हायचा तर तो मालकाच्या हातून सुटायलाच हवा.

त्यांची डिस्क मागे पडली

१९८३ मध्ये गोष्टीला वळण लागलं. डेव्ह डनिपेस या खेळाडूनं डिस्कची जाड, गोलसर कड काढून तिला पाचरीसारखी निमुळती धार दिली. इनोव्हा कंपनीची 'ईगल' ही अशी पहिली गोल्फ डिस्क. निमुळती कड हवा कापत जाते, त्यामुळे डिस्क जुन्या फ्रिसबीपेक्षा खूप लांब जाऊ लागली. हेड्रिक यांच्या रेघांची तबकडी डिस्क गोल्फमध्ये बघता बघता जुनी झाली.

पण टोपली? ती राहिली. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला हे फार ओळखीचं वाटतं. फोन दरवर्षी बदलतात, चार्जिंगचा पोर्ट मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो. डिस्क बदलत गेल्या, पण त्या शेवटी जिथे पोचायच्या ती जागा हेड्रिक यांनी ठरवलेलीच राहिली. आज जगभर हजारो कोर्स आहेत आणि सगळीकडे साखळ्या आणि टोपली याच कल्पनेची रूपं दिसतात.

मग ओव्हरस्टेबल ड्रायव्हर घ्यायचा कधी?

नव्या डिस्कनी हेड्रिक यांचा जुना प्रश्न मिटवला नाही, उलट वाढवला. डिस्क जितकी वेगवान, तितकी ती चुकीच्या हातात जास्त चुकते. म्हणून डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. उदाहरणार्थ, इनोव्हाच्या डिस्ट्रॉयरवर १२, ५, -१, ३ आणि फायरबर्डवर ९, ३, ०, ४. फायरबर्डचा टर्न शून्य आणि फेड चार, म्हणजे ती पक्की ओव्हरस्टेबल.

स्पीडचा आकडा मोठा म्हणजे डिस्क आपोआप लांब जाते, असा गैरसमज करून घेऊ नका. तो आकडा सांगतो की ही डिस्क नीट उडायला तुमच्या हातात किती वेग हवा. निवडताना एवढं बघा:

- तुमचा थ्रो किती लांब जातो? ९० मीटरच्या आतच पडत असेल, तर १२-१३ स्पीडची डिस्क राहू द्या. ती अर्ध्या वाटेतच डावीकडे कोसळेल. ७ ते ९ स्पीडची डिस्क जास्त लांब जाईल.
- समोरून वारा आहे का? समोरच्या वाऱ्यात डिस्कला हवा जास्त वेगानं लागते आणि ती उजवीकडे उलटू पाहते. ओव्हरस्टेबल डिस्क तिथे तग धरते.
- जोरदार फोरहँड मारता का? मनगटाच्या झटक्यात डिस्क सहज उलटते. इथेही ओव्हरस्टेबल उपयोगी.
- कडेची उंची बघा. डिस्क टेबलावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून बघा. त्याच साच्याच्या दोन डिस्कमध्ये जिच्या धारेचं टोक टेबलापासून जास्त उंच, ती सहसा जास्त ओव्हरस्टेबल.
- वजन आणि प्लॅस्टिक. जड डिस्क वाऱ्यात कमी हलते. स्वस्त, मऊ प्लॅस्टिक झाडांवर आपटून लवकर झिजतं आणि त्यासोबत स्थिरताही कमी होते.

थोडक्यात, ओव्हरस्टेबल डिस्क घेताना तुम्ही थोडं अंतर देऊन भरवसा विकत घेता. तुमच्या हातात तिच्यापुरता वेग असेल, तरच हा सौदा फायद्याचा.

शेवटचा थ्रो

१२ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात हेड्रिक यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून स्मृती-डिस्क बनवण्यात आल्या. त्या विकून आलेला पैसा डिस्क गोल्फच्या संग्रहालयासाठी ठेवला गेला. आज जॉर्जिया राज्यातल्या ॲपलिंग इथल्या पीडीजीएच्या केंद्रात त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

आपल्याकडे अस्थी नदीत सोडतात. या माणसानं स्वतःला हवेत सोडायला सांगितलं. पुढच्या वेळी फ्रिसबी हातात आली की तिच्या वरच्या बाजूला बोट फिरवून बघा. बारीक रेघा लागल्या, तर त्या कुठून आल्या हे आता तुम्हाला माहीत आहे.