मादाम क्यूरी

पोलंडमधील वॉर्सा नगरीत ७ नोव्हेंबर १८६७ रोजी एका शिक्षकाच्या घरी मेरीचा जन्म झाला. त्या काळी तेथे रशियाच्या झारची सत्ता होती आणि विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. परक्यांच्या घरी मुलांना शिकवून मेरीने पैसे साठविले व १८९१ साली ती पॅरिसला गेली. माळ्यावरच्या थंडगार खोलीत राहून तिने भौतिकशास्त्र व गणित या विषयांच्या पदव्या संपादन केल्या. १८९५ साली पिएर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला.

युरेनियममधून अदृश्य किरण निघतात, हे १८९६ साली बेकेरेल यांनी शोधून काढले होते. मादाम क्यूरींना आढळले, की पिचब्लेंड या युरेनियमच्या काळ्या खनिजाचे किरण शुद्ध युरेनियमपेक्षाही प्रखर आहेत. त्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य दडले असावे, असे त्यांनी अनुमान केले. १८९८ साली पतिपत्नींनी दोन नवी मूलद्रव्ये घोषित केली. बिस्मथाबरोबर वेगळे होणाऱ्या एकास त्यांनी मायभूमीवरून पोलोनियम हे नाव दिले. बेरियमबरोबर वेगळे होणारे दुसरे ते रेडियम.

परंतु शुद्ध रेडियम हाती आल्यावाचून रसायनशास्त्रज्ञांची खात्री पटेना. एका गळक्या छपराच्या शेडमध्ये मादाम क्यूरी खनिजाचा चोथा मोठ्या कढयांत उकळीत व लोखंडी दांड्याने ढवळीत. रेडियम व बेरियम यांचे रासायनिक गुणधर्म अगदी सारखे. त्यामुळे ती एकमेकांची साथ सोडीत ना. मात्र रेडियमचा क्षार किंचित लवकर स्फटिकरूप धारण करी. तेवढ्याच आधारावर त्यांनी पुनःपुन्हा स्फटिक तयार केले. कित्येक टन चोथ्यातून १९०२ साली रेडियमचा अवघा ०.१ ग्रॅम क्षार हाती आला. पुढे १९०३ व १९११ साली त्यांना नोबेल पारितोषिके लाभली. आपल्या शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

ज्या साधर्म्यामुळे रेडियम सापडले, त्यातच धोकाही होता. कॅल्शियमही बेरियमच्याच कुळातले. म्हणून जमिनीतून पाण्यात उतरलेले रेडियम पोटात गेले, तर त्याचा काही अंश कॅल्शियमप्रमाणे हाडांत साठतो. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करीत. १९२० नंतरच्या काळात त्यांपैकी अनेकजणी प्राणास मुकल्या.

आयुष्यभर किरणांच्या सहवासात राहिलेल्या मादाम क्यूरी ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या विकाराने निधन पावल्या. रेडियम निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. म्हणूनच त्यांच्या वह्यांतून आजही किरण बाहेर पडत आहेत.